रकाना सहावा

मोडी वाचता येते, एवढ्याच भांडवलावर
अथणीच्या कचेरीत मला रोजंदारीवर घेतलंय.
मागच्या खोलीत एक पंखा, एक संगणक, आणि शिवलीला.
तिला मोडी येत नाही. माझं कन्नड बाजारापुरतं.
मी वाचायचं, तिनं भरायचं.

सन अठराशे सत्त्याहत्तर. गावाचं नाव वाळवीनं खाल्लंय.
दप्तराची गाठ सोडली की तपकिरीसारखी धूळ उडते
आणि आम्ही दोघी आळीपाळीनं शिंकतो.

दुंडव्वा कोम निंगाप्पा, वय तीस, ताप.
भरमू बिन सातू, वय सात, हगवण.
भरमूची बहीण, नाव नाही, वय नाही, हगवण.
मौला वलद दस्तगीर, पटकी.
ताप. ताप. पटकी. ताप.

सहावा रकाना मृत्यूच्या कारणाचा.
शुक्रवारपर्यंत चारशे अकरा नावं झाली,
भूक हा शब्द एकदाही आलेला नाही.

पण लिहिणाऱ्याला समास सोडायची सवय होती
आणि समासात तो कधीकधी बोलतो,
बारीक अक्षरात, शाई राखून:
तरवडाचा पाला संपला.
ढोरें मेलीं, कातडें मातीमोल. संगप्पा समगार म्हणतो, वहाणा कोणाच्या पायांत?
मुंग्यांची वारुळें खणून दाणे काढिले, पाऊण चिपटें भरलें.
तळ्याच्या कामावर गेले त्यांची नोंद तिकडे होईल.

तिकडची वही आमच्याकडे आलेली नाही.

शिवलीला विचारते, सगळी एकाच वर्षात?
आणि स्वतःशीच म्हणते, बर.
मी म्हणते, बरं, आणि पुढचं नाव घेते.
तिचा हात तसाच.
अहो, बर. आमच्यात दुष्काळाला बर म्हणतात.

माझ्या घरी हा शब्द दिवसातून शंभरदा.
बरं झालं. बरं आहे. बरं, येते हं.
तिच्या माहेरी तो तिन्हीसांजेला तोंडातून काढत नाहीत.
मध्ये एक टिंब.

फॉर्ममध्ये कारणांची यादी आहे, बाण दाबला की उघडते.
सर्पदंश आहे. वीज पडणे आहे. बाळंतपण, वृद्धापकाळ,
वाहन अपघातसुद्धा आहे.
तिनं साहेबांना विचारलं.
साहेब म्हणाले, कागदावर असेल तेच भरा.
कागदावर ताप आहे ना?
आहे.

जेवणाच्या सुट्टीत कडक भाकरी, शेंगाचटणी.
टेबलावरचा चुरा काळ्या मुंग्या उचलतात,
दप्तरांच्या मागं कुठंतरी नेतात.
शिवलीला रोज फुंकर मारून त्यांना उधळते.
आज डबा थोडा बाजूला सरकवून बसली.

दुपारी एकोणनव्वदाव्या पानावर अक्षर बदललं.
नवा हात. मोठी, घाईची अक्षरं, समास नाही.
पहिलीच नोंद:
हणमंत बिन राघो, वय अठ्ठावीस, कुळकर्णी, मौजे मजकूर.
ताप.

हाच का तो?
हाच.

बराच वेळ नुसता पंखा.
मग ती म्हणाली, त्याचं ते वारुळांचं कुठं टाकू?
फॉर्मच्या तळाशी शेरा म्हणून एक चौकट असते,
भरली नाही तरी चालते,
चाळीस अक्षरांची.
मी सांगत गेले, ती भरत गेली.
मुंग्यांची वारुळें खणून दाणे काढिले,
इथवर आलं आणि चौकट लाल झाली.
तिनं पुन्हा दाबून बघितलं.

पाऊण चिपटं बाहेर राहिलं.